घरच्या माणसाच्या कायमच्या गोळ्या सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी, शुगर, थायरॉइड, हृदयविकार, फिट्स, दमा, पार्किन्सन, मनाचे आजार. यातलं एखादं नाव घरात शिरलं की त्याच्या गोळ्याही कायमच्या शिरतात. कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टर ठरवतात; त्यात या पानाने लुडबूड केलेली नाही. चिठ्ठी घरी आल्यानंतर जे होतं, त्याबद्दल हे प्रश्न आहेत.

आईची औषधं आजपासून मी बघणार आहे. पहिलं काम कोणतं?

घरातली सगळी औषधं एका परातीत काढा. सगळी म्हणजे फ्रिजच्या दारातली, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातली, पर्समधली, उशाखालची, प्रवासाच्या बॅगेत राहून गेलेली. मग तीन ढीग करा: सध्याच्या चिठ्ठीत आहे ते, चिठ्ठीत नाही पण आई घेते ते, आणि कशाचं आहे ते कुणालाच आठवत नाही ते. दुसऱ्या ढिगाकडे नीट बघा. गुडघ्याची गोळी, झोपेची अर्धी गोळी, मावशीने दिलेलं शुगरचं चूर्ण हे सगळं तिथेच सापडतं, आणि डॉक्टरांना याचा पत्ता नसतो.

आता प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरातल्या ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. एकच औषध दोन नावांनी घरात असणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी बीपीचं टेल्मिसार्टन ४० लिहिलेलं असतं आणि शुगरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत टेल्मिसार्टन अधिक अ‍ॅम्लोडिपिनची जोडगोळी असते. पाकिटांचे रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, म्हणून आई दोन्ही घेते. मग सकाळी उठताना चक्कर येते आणि दोष अशक्तपणावर जातो. नावाच्या शेवटी ‘एएम’, ‘एच’, ‘एम १’, ‘एम २’ अशी शेपटी दिसली तर गोळीत दुसरं औषधही आहे असं समजा आणि ते कोणतं ते पाकिटावर शोधा.

यादी कशी लिहायची? डॉक्टरांची चिठ्ठी आहेच की.

एका डॉक्टरची चिठ्ठी त्या डॉक्टरपुरती असते. घरी तीन फाईली असतील तर त्या तिन्हींची मिळून एक यादी लागते. एका ओळीत पाच गोष्टी लिहा: मूळ नाव आणि ताकद, कशासाठी, कधी आणि किती, कुणी सुरू केली, कोणत्या तारखेपासून. उदाहरणार्थ: ‘मेटफॉर्मिन ५०० एसआर, शुगरसाठी, सकाळी व रात्री जेवणानंतर १–१, शुगरचे डॉक्टर, १२ मार्चपासून’. ‘कशासाठी’ हा रकाना गाळू नका. गोळी कशाची आहे ते माहीत असलं की माणूस ती सहसा सोडत नाही.

यादीच्या वरच्या बाजूला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लाल पेनाने लिहा. एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक पेशंटच्या पाकिटात, एकाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये. बदल झाला की जुनी प्रत फाडून टाका. खाडाखोड केलेल्या यादीपेक्षा यादी नसलेली बरी, कारण खाडाखोडीवर लोक विश्वास ठेवतात.

गोळ्यांची पेटी घेतली, तरी गोंधळ होतोच. का?

बहुतेक वेळा पेटी चुकीची घेतलेली असते. दिवसातून तीनदा गोळ्या असतील तर सात खणांची पेटी उपयोगाची नाही. सात दिवस गुणिले तीन किंवा चार वेळा अशी, म्हणजे २१ किंवा २८ खणांची लागते. झाकण म्हाताऱ्या बोटांना उघडता यायला हवं. दुकानातच उघडून बघायला सांगा.

भरण्याची पद्धत अशी. आठवड्यातला एकच दिवस ठरवा, टीव्ही बंद करा, यादी समोर ठेवा. एका वेळी एकच औषध घ्या, ते आठवडाभराच्या सगळ्या खणांत टाका, पाकीट बाजूला ठेवा, मगच दुसरं उचला. वार धरून भरायला गेलात की चुकता, कारण सोमवार भरून होईपर्यंत आठ पाकिटं हाताखाली आलेली असतात. शेवटी प्रत्येक खणातल्या गोळ्या मोजा. सकाळच्या खणात चार हव्यात तर सातही दिवस चारच. कुठे तीन निघाल्या तर संपूर्ण आठवडा पुन्हा बघा.

काही औषधं पेटीत टाकायची नाहीत. सोडियम व्हॅलप्रोएट ही फिट्सची गोळी हवेतला ओलावा ओढते, ती खायच्या वेळीच पाकिटातून काढायची. कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. रक्त पातळ करणारं डॅबिगाट्रान त्याच्या मूळ वेष्टनातच राहू द्या. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी, हाताला लगेच लागेल अशी हवी. या औषधांसाठी खणात चिठोरी टाका: ‘फिट्सची गोळी पाकिटातून’.

पाकीट कापून ठेवलं तर चालतं का?

कापायचं तर तारीख छापलेली बाजू शेवटपर्यंत राहील असं कापा. मुदतीची तारीख आणि बॅच नंबर पट्टीच्या एकाच टोकाला असतो, आणि बरेच जण नेमकं ते टोक आधी संपवतात. उरलेल्या तीन गोळ्या कोणत्या सालातल्या, हे मग कुणीच सांगू शकत नाही.

सकाळच्या सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदम देतो. काही बिघडतं का?

थायरॉइडची गोळी असेल तर बिघडतं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं असतं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. हे पाळलं नाही की टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला येतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि खरं कारण चहाच्या कपात असतं.

मराठी घराच्या दिवसाला सांधेल असं वेळापत्रक साधारण असं बसतं. उठल्याबरोबर, दूध तापेपर्यंत: थायरॉइड. त्यानंतर अर्ध्या तासाने चहा. पित्ताची पँटोप्राझोल खाण्याच्या अर्धा तास आधी, म्हणून ती नाश्त्याच्या तयारीबरोबर. शुगरची ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या लगेच आधी, ताट समोर आल्यावरच. गोळी घेऊन मग भाजी आणायला गेलं की साखर उतरते. मेटफॉर्मिन खाऊन झाल्यावर, नाहीतर मळमळतं. लघवी वाढवणारी गोळी सकाळीच, कारण रात्री दिली तर म्हातारा माणूस दोन-तीनदा उठतो आणि अंधारात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडतो. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

दिवसाचे असे सहा-सात तुकडे होत असतील तर डॉक्टरांना थेट विचारा: ‘यातल्या कोणत्या एकत्र करता येतील?’ पुष्कळदा करता येतात. हे आपण होऊन मात्र ठरवू नका.

पार्किन्सनची लेव्होडोपा ही वेगळीच जात. तिथे पंधरा-वीस मिनिटांचा उशीरही पावलांत दिसतो. वेळेचा गजर लावा. भरपेट डाळ, पनीर किंवा अंड्याबरोबर ती कमी लागू पडते, म्हणून जेवणाच्या किती आधी घ्यायची ते लिहून घ्या.

एखादी गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या?

नाही. लवकर लक्षात आलं तर तेव्हाच द्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट कधीच नाही. बहुतेक औषधांना हा नियम लागू पडतो. इन्सुलिन, फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारी गोळी यांचं उत्तर वेगळं असू शकतं. ते डॉक्टरांकडून आधीच विचारून यादीच्या मागे लिहून ठेवा. रात्री अकराला फोन लागत नाही.

‘घेतली की नाही आठवत नाही’ हा त्याहून अवघड प्रसंग. पेटी असेल तर रिकामा खण उत्तर देतो. पेटी नसेल तर शंकेपोटी दुसरी गोळी देऊ नका. बीपी-शुगरच्या एका चुकलेल्या गोळीपेक्षा दुहेरी गोळी साधारणपणे जास्त त्रासाची.

बाबा मुद्दाम गोळ्या घेत नाहीत. कितीही सांगा. काय करावं?

सांगणं थांबवा आणि विचारणं सुरू करा. ‘गोळी का घेतली नाहीत?’ हा प्रश्न नाही, ती झाडाझडती झाली. ‘या गोळीने काय होतं तुम्हाला?’ असं विचारा. उत्तरं फार साधी असतात आणि फार उशिरा कळतात.

रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू झाल्यापासून कोरडा खोकला लागतो. घरचे कफ सिरप पाजत राहतात आणि बाबा गुपचूप बीपीची गोळी सोडतात. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं. लघवीच्या गोळीमुळे एसटीचा प्रवास नकोसा होतो, म्हणून लग्नाला जायच्या दिवशी ती राहते. काही औषधांनी शरीरसंबंधात अडचण येते, आणि हे मुलांना कुणी सांगत नाही. जुना मित्र असेल तर त्याच्याजवळ बोललं जातं. यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला डॉक्टरकडे पर्याय आहे: दुसरी गोळी, दुसरी वेळ, कमी ताकद. पण गोळी बंद आहे हेच न कळल्याने डॉक्टर डोस वाढवत बसतात.

दुसरं कारण पैसा. महिन्याच्या शेवटी ‘आज अर्धीच घेतो’ असं चालतं. तिसरं, ‘आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ ते गोळीमुळेच नॉर्मल आहे, हे आठवडाभराची नोंदवही समोर ठेवून दाखवलं तर पटतं. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मापं, पाच मिनिटं टेकून बसल्यावर, दंड छातीच्या उंचीला, दोन मापांमध्ये एक मिनिट. सात दिवस. ही वही डॉक्टरांनाही न्या. एका मापावरून ना घाबरा ना गोळी बदला.

आणि काही औषधं अचानक बंद केली तर धोका आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं: फिट्सची औषधं, बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड, मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गती कमी करणारी गोळी, नैराश्याची आणि झोपेची औषधं.

जेवणात लपवून गोळी दिली तर?

विचार करता करता हात वरणाच्या वाटीकडे जातो, हे समजण्यासारखं आहे. तरी देऊ नका. संशय येणाऱ्या आजारात तर मुळीच नाही: एकदा वाटीत कडवट लागलं की माणूस घरचं जेवण सोडतो, मग गोळीही गेली आणि पोटातलं अन्नही गेलं. शिवाय गोळी किती पोटात गेली हे कळत नाही, आणि डॉक्टरांना वाटतं पेशंट स्वतःहून घेतोय.

मानसिक आजारात कायद्याने एक रीतसर वाट ठेवली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयांत मदत करणारा माणूस, नेमू शकते. बरं वाटत असतानाच हे करून घ्या, आणि ‘पुन्हा त्रास वाढला तर कुणी काय करायचं’ तेही तेव्हाच बोलून लिहून ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांसाठीही आहे, फक्त पेशंटसाठी नाही.

मोठी गोळी गिळता येत नाही. तोडून किंवा कुटून देऊ का?

नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर यातलं काही असेल तर कुटायची नाही. ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी केलेली असते. खलबत्त्यात घातली की दिवसाचा डोस एकदम सुटतो. यातल्या काही मधल्या रेघेवर तोडता येतात, पण ते मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरला विचारूनच. आतड्यात विरघळायच्या लेपाच्या गोळ्या आणि कॅप्सूल यांनाही कुटणं नको. मधे रेघ असलेली साधी गोळी कटरने अर्धी करा, सुरीने नको. सुरीने एक तुकडा मोठा आणि एक पलंगाखाली जातो.

गिळताना पाठ ताठ, आधी एक घोट पाणी, मग गोळी. कॅप्सूल पाण्यावर तरंगते म्हणून मान किंचित पुढे झुकवली की सोपं जातं. जेवतानाही ठसका लागत असेल तर प्रश्न गोळीचा नाही, गिळण्याचा आहे. ते आधी दाखवा. शौचात गोळीचं रिकामं टरफल दिसलं तर घाबरू नका, काही एसआर गोळ्यांचं कवच तसंच बाहेर पडतं, औषध आत सुटलेलं असतं.

दम्याच्या कॅप्सूल मात्र गिळायच्या नसतातच. त्या यंत्रात फोडून ओढायच्या असतात. दिसायला कॅप्सूल म्हणून गिळणारे बरेच असतात. त्या डबीवर मार्करने ‘ओढायची’ असं लिहा. स्टेरॉइडचा पंप असेल तर ओढून झाल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा बुरा येतो.

इन्सुलिन टोचायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

सुईच्या टोपीच्या रंगात. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनाच्या काडतुसातलं १०० युनिटचं, आणि १०० ची सिरिंज केशरी टोपीची. पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात १० नाही, २५ युनिट जातात. उलट, ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत घेतलं तर फक्त ४ जातात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवा, आणि काडतुसात सिरिंज घालूच नका.

दुधाळ दिसणारं इन्सुलिन तळहातांमध्ये दहा वेळा लोळवा, दहा वेळा हलकेच उलटंसुलटं करा. तळाशी पांढरं राहिलं तर डोस चुकतो. घुसळू नका. पारदर्शक इन्सुलिन गढूळ झालं असेल तर टाकून द्या. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब बघा, टोचल्यावर बटण दाबून मनात दहा म्हणा, मग सुई काढा. रोज एकाच जागी टोचू नका. बेंबीभोवती दोन बोटं सोडून जागा बदलत राहा, कारण त्याच जागी गाठ धरली की तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि साखर कारण नसताना वरखाली होते.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी ते वापरायचं नाही. वापरातली बाटली घरातल्या गार जागी साधारण चार आठवडे. नेमकी मुदत आतल्या कागदावर असते. उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटवा. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा वीज बेभरवशाची असेल तिथे मातीची जोडी चांगलं काम करते: मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं.

साखर उतरली हे घरच्यांनी कसं ओळखायचं?

दरदरून घाम, हात थरथरणं, अचानक चिडचिड किंवा बरळणं. यंत्रावर ७० च्या खाली आकडा. यंत्र शोधण्यात वेळ जात असेल तर आधी साखर द्या. तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की पोळी-भात असं काहीतरी खायला. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या तुपाने साखर उशिरा चढते.

शुगरचीच वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. हे कमी घरांना माहीत असतं. एक पुडा स्वयंपाकघरात, एक पर्समध्ये ठेवा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून एकटं सोडून कामावर जाऊ नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र. उपवासाला गोळ्यांचं काय?

उपवास मोडायला लावण्याच्या भांडणात पडू नका, उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन यांचा डोस त्या दिवशी बदलावा लागू शकतो; बीपी आणि थायरॉइडची गोळी सहसा चालूच राहते, पण पाणीही न पिण्याचा उपवास असेल तर लघवी वाढवणाऱ्या गोळीबद्दल वेगळं विचारा. दुसरी बाजू अशी की आपला उपवास म्हणजे पुष्कळदा साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याचा लाडू. दिवसभर साखर खाली आणि रात्री फराळावर तीनशे, हा खेळ दोन्हीकडून नुकसानीचा. गोळ्या गिळायला घोटभर पाणी चालतं का, हे घरातल्या ज्येष्ठाकडूनच मंजूर करून घ्या. त्यांच्या शब्दाला तुमच्यापेक्षा वजन असतं.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या कशा सांभाळायच्या?

जिवावर बेततील अशा चुका इथे होतात. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी कमी होतात, तोंड येतं, माणूस दगावूही शकतो. त्याच्या जोडीला दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही लहान आणि पिवळी असते, त्यामुळे अदलाबदल सहज होते. चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या, ‘आठवड्याला एक’ एवढ्यावर सोडू नका. मेथोट्रेक्सेटचं पाकीट इतर औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्या वारी घरातल्या माणसानेच काढून हातात द्या.

हाडांची आठवड्याची गोळी सोपी आहे: उपाशीपोटी, पेलाभर पाणी, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पालेभाज्या बंद करायच्या?

वॉरफरिन किंवा असिट्रोम असेल तर बंद नाही, सारख्या ठेवायच्या. महिनाभर पालेभाजी नाही आणि मग हिवाळ्यात आठवडाभर रोज मेथी-पालक, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, हलतो. तपासणीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. काळी शौच, हिरड्यांतून रक्त, डोक्याला मार (जखम दिसत नसली तरी) यासाठी थांबायचं नाही. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगा. गोळी आपण बंद करायची नाही.

काढे, चूर्ण, मेडिकलमधली अंगदुखीची गोळी?

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव करवतात. म्हातारपणी गुडघे दुखतातच, म्हणून कोणती गोळी चालेल हे आधीच लिहून घ्या. ‘सांधेदुखी मुळापासून’ म्हणणाऱ्या बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला की हाच संशय घ्या. कमी सोडियमचं मीठ बीपीला चांगलं म्हणून घरी आणलं असेल तर डबा वाचा: त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते रक्तात धोकादायकरीत्या वाढू शकतं.

इस्पितळातून घरी आल्यावर जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन, घरची यादी शेजारी ठेवून, निघण्यापूर्वी तिथेच विचारा. प्रत्येक जुन्या गोळीपुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘बदल’ लिहून घ्या. कार्डावर जुनी गोळी लिहिलेली नसणं म्हणजे ती बंद, असं नेहमी नसतं; थायरॉइडची गोळी अशीच महिनोन्‌महिने राहून जाते. पाच दिवसांची अँटिबायोटिक आणि कायमची गोळी यांत फरक करा, नाहीतर पित्ताची गोळी पुढची दहा वर्षं चालते.

उलट्या-जुलाब झाले तर?

मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातली बीपीची गोळी आणि लिथियम यांबद्दल त्याच दिवशी फोन करा. शरीर कोरडं पडलं की या औषधांचा हिशेब बदलतो. इन्सुलिन मात्र ‘जेवला नाही’ म्हणून परस्पर बंद करू नका.

खर्च परवडत नाही. स्वस्त गोळी चालेल?

चालते. केंद्राची जनऔषधी योजना २००८ पासून आहे. तिथे औषध मूळ नावाने मिळतं, म्हणून ब्रँड न सांगता मूळ नाव आणि ताकद असलेली यादी घेऊन जा. सरकारी आरोग्य केंद्रांत बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात, आशाताईंना विचारा. फक्त फिट्स, थायरॉइड आणि आयएनआरवाल्या गोळीचा ब्रँड वरचेवर बदलू नका, बदलायचाच तर डॉक्टरांना सांगून. आणि नवा ब्रँड आला की जुनं पाकीट पेटीजवळून हलवा, म्हणजे दोन्ही घेतले जाणार नाहीत.

आईवडील साताऱ्याला, मी पुण्यात किंवा परदेशात. लांबून काय करता येईल?

मोजदाद. १५ गोळ्यांची पट्टी, दिवसाला दोन, म्हणजे साडेसात दिवस. महिन्याला चार पट्ट्या. प्रत्येक औषधाचा असा हिशेब करून, दहा दिवसांचा साठा उरला की मागणी नोंदवा. दिवाळी-गणपतीत आठवडाभर आधी. रोज ‘गोळी घेतली का?’ असा फोन कंटाळवाणा होतो आणि ‘हो’ हे उत्तर काहीच सांगत नाही. त्यापेक्षा रविवारी भरलेल्या पेटीचा फोटो मागवा आणि दर दोन-चार दिवसांनी उघड्या खणांचा. शेजारचं एक घर आणि ओळखीचा मेडिकलवाला यांच्याकडे यादीची प्रत ठेवा.

आईवडील तुमच्याकडे येणार असतील तर औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत आणू द्या. अमेरिकेसाठी साधारण ९० दिवसांपुरती हा ढोबळ संकेत आहे. आखाती देशांत जास्त जपा: अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीन, प्रीगॅबालिन यांसारख्या औषधांसाठी आधी परवानगी लागते, आणि प्रीगॅबालिन तर आपल्याकडे पायांच्या मुंग्यांसाठी सर्रास चालू असतं.

मी मित्र आहे, घरचा नाही. मी काय करू शकतो?

घरच्यांना जमत नाही ते. सकाळी फिरायच्या कट्ट्यावर ‘माझी झाली, तुझी?’ एवढं पुरतं. डॉक्टरकडे सोबत जाऊन लिहून घेणं, मेडिकलमधून आणून देणं. होस्टेलवर रूममेटला फिट्सचा त्रास असेल तर झटका आल्यावर काय करायचं ते त्याच्याकडूनच शिकून घ्या. एचआयव्हीची किंवा मनाच्या आजाराची गोळी असेल तर ती कुणाला माहीत असावी हे फक्त तो ठरवणार. ग्रुपवर ‘गोळी घे रे’ असं लिहायचं नाही.

विसरभोळेपणाचा आजार आहे. गोळी दिली तर थुंकतात, किंवा पुन्हा पुन्हा मागतात.

पेटी कुलपात. गोळ्या एकेक करून हातावर, तुम्ही समोर बसून, गिळल्यावर एक घोट जास्त पाणी. नको म्हणाले तर वाद नको. वीस मिनिटांनी तीच गोळी नव्याने द्या. पुन्हा मागत असतील तर कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने खूण करून घ्या. घरात लहान मूल असेल तर कुलूप आणखी गरजेचं: शुगरची एखादी गोळीही लहान बाळाला बेशुद्ध करू शकते. आणि मुलासमोर गोळीला ‘गोळी’च म्हणा, ‘चॉकलेट’ नको.

हे सगळं एकट्या सुनेवर येतं. वाटून कसं घ्यायचं?

‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. कधी दोघे मिळून दोनदा देतात. कामं तोडून नावाने द्या. पेटी भरणं एकाकडे, आणि भरलेली पेटी तपासणं दुसऱ्याकडे. साठा मोजून मागवणं लांबच्या मुलाकडे, पैशांसकट. डॉक्टरकडे नेणं मुलीकडे. रोज हातात देणं घरातल्या माणसाकडे, पण आठवड्यातले दोन दिवस त्यातूनही सुट्टी, आणि ते दोन दिवस कोण बघणार त्याचं नाव फ्रिजवरच्या यादीखाली. पेशंटला जे स्वतः जमतं ते त्याच्याकडेच राहू द्या: खण उघडणं, पाणी ओतून घेणं, रिकामी पट्टी मोजून ठेवणं.